इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं: साखर, सुंठ आणि ठाणे स्टेशन

मुलगी आठवीत असताना शाळेतून प्रकल्प आला. कोणत्याही एका इंग्रजी शब्दाचा उगम शोधायचा आणि दोन पानं लिहायची. माझ्या मोबाइलवर तेव्हा एक मेसेज फिरत आला होता. ‘नेव्हिगेशन हा शब्द संस्कृतातल्या नवगती या शब्दावरून आला’ असं त्यात ठासून म्हटलं होतं. आम्ही तोच शब्द घेतला, होडीचं चित्र काढलं, रंगवलं. वही परत आली तेव्हा बाईंनी लाल पेनाने खाली दोनच प्रश्न लिहिले होते: ‘नवगती हा शब्द कोणत्या ग्रंथात आहे? तो इंग्लंडला कोणी आणि कधी नेला?’

आमच्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. मुलीचा चेहरा उतरला. मेसेज मी दाखवला होता, त्यामुळे मला जास्तच लागलं. त्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा पहिल्यापासून शोधायला बसलो आणि तेव्हा लागलेला नाद अजून सुटलेला नाही. मी ठाण्यात राहते आणि तुर्भ्याला मसाला मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब बघते. रोजच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वही काढते. कोश कसा वाचायचा, कुठे फसायला होतं, कुठे थांबायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी लागते.

काय काय लागेल

एक जाड वही. ती आडवी धरून प्रत्येक पानावर चार रकाने आखा: भाषा, शब्दाचं रूप, तिथला अर्थ, काळ. पुढचं सगळं काम याच चार रकान्यांत होणार आहे.

इंग्रजीसाठी एटिमऑनलाइन हे डग्लस हार्पर यांचं फुकट संकेतस्थळ पुरेसं आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश सर्वांत भरवशाचा, पण तो इंटरनेटवर पूर्ण वाचायला वर्गणी भरावी लागते.

आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा हॉब्सन-जॉब्सन कोश हवाच. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे जुने कोश इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यांत हा आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे आणि हिंदी-मराठीसारख्या भाषांतल्या शब्दांची तुलना करणारा टर्नरचा कोशही आहे. संस्कृतसाठी मोनिअर-विल्यम्सचा कोश जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो.

छापील कोश हाताळायचे असतील तर ग्रंथालय गाठा. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा मराठी व्युत्पत्ति कोश कुठल्याही जुन्या ग्रंथालयात आधी विचारावा असा आहे, कारण इंग्रजी शब्दाचा माग काढता काढता मराठी शब्दाचाही काढावा लागतो.

१. पहिला शब्द व्यापारातला निवडा

नवीन माणूस हमखास ‘डॉग’, ‘बॉय’, ‘बिग’ असे छोटे, रोजचे शब्द घेतो. सोपे वाटतात, पण हेच शब्द सर्वांत अवघड. ‘डॉग’चं मूळ मोठमोठ्या कोशकारांनाही लागलेलं नाही. जुन्या इंग्रजीपर्यंत गेलात की पुढे वाट बंद.

म्हणून सुरुवात मालाच्या नावाने करा. मसाला, कापड, फळ, लाकूड, जनावर यांची नावं मालाबरोबर जहाजातून आणि उंटावरून गेली. त्यांच्या नोंदी व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत, जकातीच्या कागदांत, प्रवाशांच्या रोजनिशीत राहिल्या. शुगर, जिंजर, पेपर म्हणजे मिरी, ऑरेंज, मँगो हे शब्द घ्या. वाट लांबची आहे, पण मुक्काम दिसत राहतात.

२. हा एक शब्द आहे की दोन, ते आधी ठरवा

कोशात एकाच स्पेलिंगच्या पुढे १, २, ३ असे आकडे दिसतात. ते वेगवेगळे अर्थ नसतात. वेगवेगळे शब्द असतात. हे न कळल्यामुळे माझा एक आठवडा वाया गेला.

शब्द होता ‘कँडी’. कँडी म्हणजे गोड गोळी, हे सगळ्यांना माहीत आहे. ती फ्रेंच, अरबी ‘कंदी’ आणि फारसी ‘कंद’ यांच्यामार्फत संस्कृत ‘खंड’पर्यंत जाते. खंड म्हणजे तुकडा, साखरेचा खडा. आपली खांड तीच. पण हॉब्सन-जॉब्सनमध्ये कँडीची दुसरीच नोंद सापडली आणि तिथे वजन दिलेलं होतं! वजन आणि गोळी यांचा मेळ मला काही केल्या बसेना. मग पेढीवरच्या जुन्या मापाड्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘अहो ताई, कापूस अजून कँडीवरच विकतात की. खंडी म्हणजेच कँडी.’

वीस मणांची खंडी ती हीच. ‘खंडीभर’ हा शब्द आपण दिवसातून चारदा वापरतो. म्हणजे एक कँडी अरबांच्या वाटेने युरोप फिरून इंग्रजीत आली, आणि दुसरी मराठी-तेलुगू बाजारातून थेट इंग्रज व्यापाऱ्याच्या चोपडीत शिरली. वजनाची कँडीही संस्कृत ‘खंड्’ म्हणजे विभागणे याच धातूला जाते, असं त्या कोशाची दुसरी आवृत्ती सांगते. म्हणजे मूळ एक, पण प्रवास दोन. वहीत दोन पानं करा.

३. इंग्रजीतली सर्वांत जुनी नोंद आणि तिचं साल

मागे जाण्याआधी शब्द इंग्रजीत कधीपासून लिहिलेला सापडतो ते टिपा. ऑक्सफर्ड कोशाचं सगळं बळ यातच आहे. १८८४ साली त्याचा पहिला भाग निघाला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. हजारो वाचकांनी जुन्या पुस्तकांतून वाक्यं उतरवून पाठवली, त्यावर तो उभा आहे.

इथे तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, सालाचा घोळ. ‘तेराव्या शतकाचा शेवट’ म्हणजे १२८०-१२९० च्या आसपास. तेरा आकडा बघून लोक १३०० च्या पुढचं साल लिहितात.

दुसरी, पहिली नोंद म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. लिहिलं जाण्याआधी तो बोलण्यात असणारच.

तिसरी सर्वांत महत्त्वाची: कोशातले जोडशब्द वाचायला शिका. ‘फ्रॉम’ लिहिलं असेल तर शब्द त्या भाषेतून आला. ‘कॉग्नेट विथ’ लिहिलं असेल तर तो त्या भाषेतून आलेला नाही, दोन्ही शब्द एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. ‘पर्‌हॅप्स’ किंवा ‘प्रॉबब्ली’ असेल तर वहीतही ‘बहुधा’ लिहा. हा ‘बहुधा’ उतरवताना गाळणं म्हणजे जमाखर्चात नसलेली रक्कम दाखवण्यासारखं आहे. आणि शब्दाआधी तारा असेल, तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी हिशेबाने काढलेलं आहे.

ओल्ड इंग्लिश म्हणजे साधारण ११५० पर्यंतची, आणि मिडल इंग्लिश म्हणजे तिथून १५०० पर्यंतची भाषा, एवढं पाठ असलं की पुरे.

४. एकेक पायरी मागे जा, उडी मारू नका

आता ‘शुगर’ घेऊ. माझ्या वहीतलं पान असं आहे:

- मिडल इंग्लिश, सुग्रे, साखर, तेराव्या शतकाचा शेवट.
- जुनी फ्रेंच, सुक्र, साखर, बारावं शतक.
- मध्ययुगीन लॅटिन, सुक्कारुम, साखर.
- अरबी, सुक्कर, साखर.
- फारसी, शकर, साखर.
- संस्कृत, शर्करा, साखर. आणि त्याहून मूळचा अर्थ वाळू, खडे.

शेवटच्या ओळीपाशी थांबून ती पुन्हा वाचा. शर्करा म्हणजे आधी खडे, रेती. उसाचा रस आटवून जे दाणे पडले ते हाताला रेतीसारखे लागले, म्हणून तेच नाव साखरेला मिळालं. लंडनमधला माणूस चहात चमचा ढवळतो तेव्हा तो आपल्या नदीकाठच्या वाळूचं नाव घेत असतो. अर्थाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, म्हणून तो रकाना सोडू नका.

प्रत्येक पायरीला स्वतःलाच तीन गोष्टी विचारा. रूप जुळतं का? अर्थ जुळतो का, किंवा कसा बदलला ते सांगता येतं का? आणि या दोन भाषा बोलणारे लोक त्या काळात एकमेकांना भेटत होते का? शुगरच्या बाबतीत तिन्ही उत्तरं मिळतात. ऊस आणि साखर अरबांनी भूमध्य समुद्राकाठी, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली. स्पॅनिशमध्ये साखरेला ‘अझूकार’ म्हणतात. त्यातला आधीचा ‘अ’ हा अरबी ‘अल्’ या उपपदाचा उरलेला तुकडा आहे. शब्द कोणाच्या हातून घेतला त्याचा ठसाच तो.

एका शब्दाच्या दोन-तीन वाटा असू शकतात, हेही इथेच कळलं. अरबांच्या कितीतरी आधी ग्रीकांना साखर ऐकून ठाऊक होती. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसने माश्यांवाचून मध देणाऱ्या बोरूची हकिगत सांगितली आहे. शर्करेचं पाली-प्राकृत रूप ‘सक्खरा’. ते ग्रीकमध्ये ‘साक्खारॉन’ झालं, लॅटिनमध्ये ‘साक्कारुम’ झालं. १८७९ साली प्रयोगशाळेत एक कृत्रिम गोड पदार्थ सापडला, त्याला याच शब्दावरून ‘सॅकरिन’ नाव मिळालं.

आणि तिसरी वाट तर आपल्याच किनाऱ्यावरून निघाली. शर्करेचं मल्याळममध्ये ‘चक्कर’ झालं, पोर्तुगीजांनी त्याचं ‘जागरा’ केलं आणि इंग्रजांनी ‘जॅगरी’. म्हणजे शुगर, सॅकरिन आणि जॅगरी हा एकच शब्द तीन वेगळ्या दारांनी इंग्रजीत शिरला. आपल्या पाकिटांवर ‘शुगर फ्री, मेड विथ जॅगरी’ असं छापलेलं दिसलं की मी मुलीला दाखवते.

वाट तपासण्याची सवय अशी लावून घ्या की लोकप्रिय गोष्टसुद्धा तपासूनच घ्याल. ‘ऑरेंज’बद्दल सर्रास सांगतात की इंग्रजांनी ‘अ नॉरेंज’चं ‘अॅन ऑरेंज’ केलं आणि ‘न’ गळाला. आपलं नारिंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा यांत ‘न’ आहे हे खरं. पण जुन्या फ्रेंचमध्येच तो गळून ‘ओरेंज’ झालेलं होतं. इंग्रजीला शब्द मिळाला तो बिनानकाराचाच. इंग्रजीत खरोखर असा ‘न’ गळाला तो ‘एप्रन’मध्ये. तो आधी ‘नेप्रन’ होता.

५. उसना शब्द की सख्खा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि आमचा ‘नेव्हिगेशन’ही इथेच फसला होता. संस्कृत आणि इंग्रजी शब्द सारखा दिसला की लोक म्हणतात, ‘बघा, आपल्याकडून नेला.’ शुगर खरंच नेला. पण ‘मदर’ आणि ‘मातृ’, ‘नेम’ आणि ‘नाम’ यांत कोणी कोणाकडून काही नेलेलं नाही.

१७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येण्याजोगं नाही, आणि या भाषा बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एका समान मुळापासून निघाल्या असाव्यात. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली आहे तीही त्याच घराण्यातली निघते. चुलत बहिणींचं नाक सारखं असतं. त्यासाठी एकीने दुसरीचं उसनं घ्यावं लागत नाही.

मग ओळखायचं कसं? याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेला ध्वनिबदलाचा नियम नवशिक्याच्या हातातलं सर्वांत चांगलं हत्यार आहे. घराण्यातल्या मूळ ‘प’चा इंग्रजीत ‘फ’ होतो: पितृ, फादर. ‘त’चा ‘थ’ होतो: त्रि, थ्री. ‘द’चा ‘ट’ होतो: दंत, टूथ. आता ‘डेंटिस्ट’ बघा. तिथे ‘ड’ तसाच राहिला आहे. म्हणजे तो शब्द इंग्रजीच्या घरातला नाही, लॅटिन ‘डेन्स’वरून फ्रेंचमार्फत नंतर आलेला आहे. एकाच जिभेवर टूथ सख्खा आणि डेंटिस्ट उसना.

नेव्हिगेशनचं उत्तर आता सोपं आहे. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. त्यांचं ‘नाविगारे’ झालं आणि इंग्रजीत नेव्हिगेशन आलं सोळाव्या शतकात. ‘नाविस’ आणि आपली ‘नौ’ या एका घराण्यातल्या आहेत, एवढा भाग खरा. ‘नवगती’ची पायरी मात्र कुठल्याच कोशात नाही. मुलीने हेच चार ओळींत लिहून वही पुन्हा दिली आणि बाईंनी या वेळी पूर्ण गुण दिले.

माझं सर्वांत आवडतं पान ठाण्याचं आहे. इंग्रजीत ‘थेन’ असा जुना शब्द आहे. स्पेलिंग हुबेहूब आपल्या ठाण्याचं. मॅकबेथ नाटकात तो सरदाराच्या पदवीसाठी येतो. दोघांचा संबंध आहे का? मागे जाऊन बघा. इंग्रजी थेन हा ओल्ड इंग्लिशमध्ये ‘थेग्न’ आहे, अर्थ सेवक, राजाचा शिपाई. ग्रीकमधल्या ‘टेक्नॉन’ म्हणजे मूल या शब्दाशी त्याचं नातं सांगतात. ठाणे मात्र शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ आहे. स्थानकावरून ठाणे, म्हणजे ‘स्था’ धातू. कंपनीच्या काळात इंग्रज ते ‘टॅना’ असं लिहीत. स्पेलिंग आज जुळलं, एवढाच काय तो संबंध.

पण ‘स्था’ धातूची खरी इंग्रजी बहीण कोण? ‘स्टँड’. आणि लॅटिनच्या बाजूने ‘स्टेशन’. इथे ‘त’चा ‘थ’ का झाला नाही असं कोणी विचारेल, तर उत्तर असं की ‘स’च्या मागोमाग आलेल्या ‘त’ला ग्रिमचा नियम लागत नाही. तेव्हा ‘ठाणे स्टेशन’ असं आपण म्हणतो तेव्हा एकच धातू दोनदा उच्चारतो. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली, त्या दिवशी हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन बहिणी एका पाटीवर आल्या. नऊ-दहा नंबरच्या फलाटावर तुर्भ्याच्या गाडीची वाट बघत उभी असताना मी अजूनही ती पाटी वाचते.

६. संस्कृतपाशी पोहोचलात म्हणजे संपलं असं नाही

‘जिंजर’ची वाट ऐका. ओल्ड इंग्लिश गिंगिफर, लॅटिन झिंगिबेर, ग्रीक झिंगिबेरिस, पाली सिंगिवेर, संस्कृत शृंगवेर. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे अंग, म्हणून ‘शिंगासारख्या अंगाचं’. आल्याचा गड्डा डोळ्यांपुढे आणला की पटतंही. मी तिथे रेघ मारून पान बंद केलं होतं.

नंतर वाचलं की ही फोड मागाहून बसवलेली असावी आणि शब्द मुळात द्राविडी असावा. मला ते कोरडं वाटलं, खरं सांगायचं तर पटलं नाही. पुढे एकदा कोचीहून सुंठेचा ट्रक आला. पोती उतरेपर्यंत चालक गाळ्याच्या पायरीवर चहा घेत बसले होते. मी सहज हिंदीत विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? ते म्हणाले, वाळलेल्याला चुक्क, ओल्याला इंजि. मग मी विचारलं, आणि झाडाच्या मुळाला? ते म्हणाले, ‘वेर.’

इंजि आणि वेर. आल्याचं मूळ. पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर मी ते दोन शब्द लिहून घेतले आणि हातातली बिलं तशीच राहिली. कोशातली एक ओळ समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकू आली होती. संस्कृतानेसुद्धा शब्द घेतले आणि घेतलेल्या शब्दाला आपल्या ओळखीचा अर्थ लावला. तुमच्या शेजारी, बाजारात, डब्यात तमिळ, कन्नड, मल्याळी बोलणारं कोणी असेल तर त्यांना जरूर विचारा. नवी मुंबईत अशी माणसं शोधावी लागत नाहीत.

आपण स्वतः मात्र शृंगवेर सोडून दिलं. आपलं ‘आलं’ आर्द्रकावरून आणि ‘सुंठ’ शुंठीवरून आली. म्हणजे जो शब्द साता समुद्रापार गेला तो आपल्या स्वयंपाकघरात उरलाच नाही. मिरीचंही तसंच. ‘पेपर’ हा शब्द पिप्पलीवरून, म्हणजे आपल्या पिंपळीवरून गेला. नाव पिंपळीचं गेलं आणि चिकटलं काळ्या मिरीला. अर्थाचा रकाना पुन्हा उपयोगी पडतो तो असा.

मराठीतून इंग्रजीत गेलेला शब्द हवा असेल तर ‘मंगूस’ घ्या. तो आपल्या मुंगसावरून गेला, वाटेत बहुधा पोर्तुगीजांचा हात लागला, आणि मागे तेलुगू-कन्नडात त्याची भावंडं आहेत. इंग्रजांनी शेवटचा भाग आपल्या ‘गूस’ या बदकासारख्या पक्ष्याच्या नावाप्रमाणे लिहिला, पण अनेकवचन ‘मंगूसेस’ होतं, ‘मंगीस’ नाही. खरा ‘गूस’ हा आपल्या हंसाचा नातेवाईक आहे.

७. हे चार खड्डे टाळा

*ऐकायला सारखं म्हणजे नातं.* इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसीतला ‘बद’, जो आपल्या बदनाम, बदफैली यांत आहे, अर्थानेही एक आणि आवाजानेही जवळचे. तरी संबंध शून्य. फारसी ‘बद’ मागे गेल्यावर ‘वद’ होतो, इंग्रजीचा ‘बॅड’ मिडल इंग्लिशमध्ये ‘बॅडे’ आहे. खरे नातेवाईक मागे जावं तसे जवळ येतात. हे दोघे लांब जातात.

*आद्याक्षरांच्या गोष्टी.* ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण यांची पहिली अक्षरं, हे शिकवणी वर्गांतसुद्धा सांगतात. खोटं आहे. तो ‘न्यू’चाच अनेकवचनी वापर आहे, नव्या गोष्टी. आद्याक्षरांवरून शब्द करण्याची पद्धत विसाव्या शतकात रुजली. त्याआधीच्या शब्दाला अशी गोष्ट जोडलेली दिसली की तो मेसेज पुढे पाठवू नका.

*एकाच ठिकाणी बघून थांबणं.* दोन कोश जुळले पाहिजेत, आणि ते एकमेकांवरून उतरवलेले नसावेत. हॉब्सन-जॉब्सन रसाळ आहे, पण जुना आहे. त्यातली संस्कृत मुळं टर्नर, मोनिअर-विल्यम्स यांच्याशी ताडून घ्या.

*मोबाइलला विचारून मोकळं होणं.* गप्पा मारणारी नवी अ‍ॅप्स विचारताक्षणी झकास उगम सांगतात, कधी कधी नसलेली संस्कृत रूपंसुद्धा. शब्द मिळाला की मोनिअर-विल्यम्समध्ये आहे का बघा. तिथे नसेल तर वहीत घेऊ नका.

८. शेवटी कसं लिहायचं

शाळेचा प्रकल्प असो की स्वतःसाठी, उलट्या क्रमाने लिहा. शोधताना आपण आजपासून मागे जातो. सांगताना सर्वांत जुन्या रूपापासून पुढे या, म्हणजे वाचणाऱ्याला प्रवास दिसतो. जी पायरी पक्की आहे तिथे ‘आला’ लिहा, जी नाही तिथे ‘आला असावा’. साल लिहिताना ‘या सालापासून लिखित सापडतो’ असं लिहा. आणि एक पायरी कळलीच नाही तर ती जागा वहीत मोकळी सोडा. माझ्या वहीत अशा कितीतरी जागा आहेत. काही दोन-दोन वर्षांनी भरल्या.

आज रात्रीच सुरुवात करायची असेल तर ‘गोडाऊन’ घ्या. तुर्भे-वाशीत पावलोपावली पाट्यांवर लिहिलेला आहे, आणि त्याचा ‘गो’ आणि ‘डाऊन’ यांच्याशी काडीचा संबंध नाही. हॉब्सन-जॉब्सन उघडा, वाटेत मलय भाषेतलं ‘गुदांग’ भेटेल, आणि तिथून रस्ता वळून पुन्हा आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याला, तेलुगू-तमिळ मुलखात येतो. चार रकाने आखून ठेवा.